सोबतीण आजारी पडली तर?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. दिवाळे गावातील मासळी विकणारी एक बाई दवाखान्यात आली. अंगात १०२ ताप, कोरडा खोकला आणि सर्वांग ठणकत होते. बसता बसताच म्हणाली, "डॉक्टर, उद्या सकाळी मी उभी राहीन असे इंजेक्शन द्या. पोरीचे दिवस भरलेत, पहिलटकरीण आहे. माझ्याशिवाय ती घाबरून जाईल. आणि तापाचे हॉस्पिटलात कुणाला कळू देऊ नका."

लेक बाहेर बाकावर बसली होती. दोघी रात्री एकाच खोलीत झोपत होत्या.

या आईची तळमळ खोटी नव्हती. कळांच्या वेळी ओळखीचे माणूस जवळ असले की बाईला धीर येतो, बाळंतपण थोडे लवकर होते आणि सिझेरियनची शक्यताही कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. म्हणूनच केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास परवानगी दिली. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली स्त्री असावी, आणि जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवऱ्यालाही घेता येते. मात्र त्यातच एक अट आहे : सोबतिणीला संसर्गजन्य आजार नसावा. प्रसूतिकक्षात इतरही बाळंतिणी आणि तासाभराची बाळे असतात, हे त्याचे कारण.

ताप लपवून आत जाणे म्हणूनच धोक्याचे. गोळीने ताप उतरतो, पण खोकल्यातून जंतू पसरतच राहतात. फ्लूचा रोगी लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून साधारण पाच ते सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. गरोदर बाईला फ्लू झाला तर न्यूमोनियाची भीती इतरांपेक्षा जास्त असते.

कांजिण्यांबाबत तर फारच जपावे. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत त्या पसरतात. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला कांजिण्या उठल्या तर बाळाच्या जिवावर बेतू शकते. गरोदर बाईला पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील आणि घरात कुणाला उठल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. वेळेत कळले तर उपाय असतात.

जुलाब-उलट्या थांबल्यावर ४८ तास तरी बाळंतिणीजवळ जाऊ नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी करावी. ओठावर तापाचे फोड असलेल्याने बाळाचा मुका घेऊ नये. मलेरिया व डेंग्यू मात्र शिवण्याने होत नाहीत, ते डासांमार्फत पसरतात. अशा वेळी घरात दोघींनीही मच्छरदाणीत झोपावे. पण अशा रोग्याच्या अंगात रात्रभर जागण्याची ताकद नसते, हेही ध्यानात घ्यावे.

घरात कुणी आजारी पडले तर गरोदर बाईची झोपण्याची जागा व भांडी वेगळी करावीत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आजाऱ्याने मास्क बांधावा आणि सर्वांनी साबणाने हात धुवावेत. तिला स्वतःला कणकण वाटली तर दुकानातून गोळी आणून देऊ नये. अंगदुखीच्या काही गोळ्या शेवटच्या महिन्यांत बाळाला अपाय करतात. ताप अंगावर न काढता लगेच दाखवावे. फ्लूची लस गरोदरपणात घेता येते, तिच्याविषयी आधीच विचारून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सातव्या महिन्यातच दोन सोबतिणी ठरवाव्यात. आई नसेल तर मावशी, मावशी नसेल तर जाऊ किंवा नणंद. दुसरीलाही एकदा तपासणीच्या वेळी बरोबर न्यावे. फाईल कुठे आहे, रक्तगट कोणता, नाव कोणत्या रुग्णालयात घातले आहे, हे तिला ठाऊक हवे. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवावेत. सोबतीण आजारी आहे म्हणून दवाखान्यात जायला उशीर मात्र कधीही करू नये. पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल मंदावली किंवा कळा सुरू झाल्या, तर जो धडधाकट माणूस समोर असेल त्याला घेऊन निघावे.

त्या बाईला मी सांगितले, "असे इंजेक्शन नसते." ती रडली. पण त्याच रात्री लेकीला शेजारच्या गल्लीत मावशीकडे झोपायला पाठवले. रुग्णालयात आम्ही फोन करून सारे खरे सांगितले. तिसऱ्या रात्री कळा सुरू झाल्या. आत मावशी होती आणि घरी आई फोन कानाला लावून बसली होती. मुलगी झाली. ताप, खोकला पूर्ण थांबल्यावर आठव्या दिवशी आजीने नात मांडीवर घेतली.

आजारी माणसाने दूर राहणे म्हणजे पाठ फिरवणे नव्हे. कधी कधी तीच खरी सोबत असते.