पाण्याखालची थट्टा

मुलांनो, एकलहऱ्याच्या विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या तुम्ही रोज पाहता. तिथूनच आपली गोदावरी वाहते. उन्हाळ्यात तुमच्यापैकी काही जण तिथे पोहायला जातात, हे मला ठाऊक आहे. एके दिवशी मधल्या सुट्टीत दोन मुले माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एकाने पाण्याखालून दुसऱ्याचा पाय ओढला होता. दुसऱ्याच्या नाकातोंडात पाणी गेले आणि तो घाबरून गेला होता. पाय ओढणारा म्हणाला, "सर, मी फक्त गंमत केली."

मी त्याला रागावलो नाही. तारकर्लीची हकिकत सांगितली.

तारकर्ली हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणजवळ आहे. तिथे समुद्रात 'स्कूबा डायव्हिंग' करायला लांबून लोक येतात. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधायचा, त्याची नळी तोंडात धरायची आणि पाण्याखाली जायचे. असा बुडी मारणारा म्हणजे पाणबुड्या. तुम्ही घरी त्याला 'गोताखोर' म्हणता. (पाणबुडी म्हणजे बोट आणि पाणबुड्या म्हणजे माणूस. परीक्षेत गोंधळ करू नका!) सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन असतो, असे पुष्कळांना वाटते. सहसा त्यात आपलीच साधी हवा दाबून भरलेली असते.

मी सहकुटुंब तिथे गेलो होतो. आमच्या बोटीतील एक तरुण मित्राला म्हणाला, "खाली गेल्यावर तुझी हवाच बंद करतो, बघ!" सगळे हसले. प्रशिक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या तरुणाला पाण्यात उतरूच दिले नाही. तो शेवटपर्यंत बोटीत बसून राहिला. मला ती शिक्षा जरा कडक वाटली. मग प्रशिक्षकांनी कारण सांगितले, तेव्हा पटले.

तुम्ही विज्ञानात बॉईलचा नियम शिकला आहात. दाब कमी झाला, की वायूचे आकारमान वाढते. समुद्रात 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छातीभर श्वास घेतला आणि तो रोखून वर आले, तर ती हवा फुगत फुगत दुप्पट होऊ लागते. फुप्फुसे काही रबरी फुगा नव्हेत. ती फाटतात. म्हणून पाणबुड्याचा पहिला नियम आहे : श्वास कधीही रोखू नये आणि सावकाश वर यावे. आता कोणी गंमत म्हणून त्याचा चष्मा ओढला, तर तो घाबरेल. घाबरलेला माणूस नेमका श्वास रोखतो आणि वर धावतो!

म्हणूनच पाणबुड्याचे रीतसर शिक्षण उथळ पाण्यात सुरू होते. चष्म्यात पाणी शिरले तर ते कसे काढावे, तोंडातील नळी सुटली तर ती कशी शोधावी, हे न घाबरता जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतात. त्यानंतर समुद्र. पहिले प्रमाणपत्र मिळाले, तरी साधारण 18 मीटरपर्यंतच जाण्याची मुभा असते. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा पाठ कराव्या लागतात. अंगठा वर केला, तर त्याचा अर्थ 'छान' नव्हे, 'वर चला' असा होतो. खोटी खूण करणाऱ्याबरोबर कोणी दुसऱ्यांदा पाण्यात उतरत नाही.

"पण सर, नदीत आमच्या पाठीवर सिलिंडर कुठे असतो?" त्या मुलाने विचारले.

प्रश्न बरोबर होता. नदीत फुप्फुसे अशी फाटत नाहीत. तिथे धोका वेगळा असतो. अचानक पाय ओढला, की माणूस दचकून तोंड उघडतो आणि पाणी श्वासनलिकेत जाते. बुडणाऱ्याला ओरडताही येत नाही. काठावरच्यांना वाटते, मुले खेळत आहेत. आणि वाचवायला उडी मारणाऱ्याला तो घट्ट मिठी मारतो, मग दोघेही बुडतात. त्यापेक्षा काठावरून दोरी, बांबू किंवा रिकामा कॅन फेकावा आणि मोठ्यांना हाक मारावी.

पुढच्या रविवारी ती दोघे तेलाचा रिकामा कॅन लांब दोरीला बांधून नदीवर घेऊन गेली. बरोबर एकाचे मामूही होते. कॅन कोणी धरायचा, यावरून त्यांचे वाटेत पुन्हा भांडण झाले म्हणे.