समुपदेशकाकडे जाण्याआधी

वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आया-बहिणी आम्हाला हळूच विचारतात, "ताई, तो काउन्सेलर नेमका काय शिकलेला असतो?" हा प्रश्न आमच्याऐवजी त्यालाच विचारावा. फी देत असाल तरी, सेवा मोफत असली तरी.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते एमबीबीएस होऊन पुढे मनाच्या आजारांचे शिक्षण घेतात आणि गोळ्या लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेले असतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक मागता येतो. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए, एमएसडब्ल्यू किंवा समुपदेशनाची पदविका घेतलेला असतो. पण चार दिवसांचे शिबिर करूनही 'काउन्सेलर' अशी पाटी लावता येते, घोळ तिथेच आहे. म्हणून कुठे शिकलात, किती वर्षे काम करता, अडल्यावर कोणा वरिष्ठांचा सल्ला घेता, हे सरळ विचारा. जाणता माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या समुपदेशकाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

दुसरे विचारायचे ते पद्धतीबद्दल. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960च्या दशकात मांडलेली पद्धत आज खूप वापरली जाते. मनात येणारा विचार पकडायचा, तो कितपत खरा आहे हे तपासायचे आणि वागण्यात लहान लहान बदल करून पाहायचे. 'मी नापास झाले, म्हणजे मी कुचकामीच' असे मानणाऱ्या मुलीला याचा चांगला उपयोग होतो. पण हॉस्टेलवर जातीवरून टोमणे खाणाऱ्या मुलीला "तू फार विचार करतेस" असे सांगणे हा उपचार नव्हे. तिचा विचार चुकीचा नाही, तिच्याशी होणारे वागणे चुकीचे आहे. समुपदेशकाने ते आधी मान्य करावे. मग तिची झोप, भीती, अभ्यास यांवर काम करावे आणि तक्रार करायची असेल तर सोबत द्यावी. पहिल्याच भेटीत आडनावावर रेंगाळणारा, उपदेश सुरू करणारा, किंवा "नवऱ्याशी जुळवून घ्या" म्हणून मारहाण झाकणारा माणूस असेल, तर दुसरा शोधा. एक माणूस पटला नाही म्हणून उपचारच सोडू नका.

आपले बोलणे घरी कळेल ही भीती मोठी असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर मात्र समुपदेशकाला गप्प राहता येत नाही. हे अपवाद कोणते, ते पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

फीचे पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. फोन मोफत, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलता येते. घरातल्या कुणासाठी तुम्ही फोन केलात तरी चालतो. जीव द्यावासा वाटतो असे कुणी बोलून दाखवले, तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच सरकारी दवाखान्यात घेऊन जा.