शाळिग्रामाची साक्ष

तुमच्यापैकी अनेकांच्या देवघरात शाळिग्राम असेल. काळा, गुळगुळीत असा हा दगड नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात सापडतो. काही शाळिग्रामांत सुरेख चक्र दिसते. हे चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या कवचाचा अवशेष होय. अमोनाइट हे आजच्या माकुळाचे दूरचे नातलग. ते समुद्रात राहत आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते नामशेष झाले. हे शाळिग्राम ज्या खडकांतून सुटून नदीत येतात, ते हिमालयात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. मग समुद्रातला प्राणी तेथे पोचला कसा?

इतकेच नव्हे, तर ८,८४८ मीटर उंचीच्या एव्हरेस्टचा माथाही चुनखडीचा असून तीत सागरी प्राण्यांच्या कवचांचे तुकडे आहेत. ही चुनखडी ४५ कोटी वर्षांहून जुनी आहे. एके काळी समुद्रच तेथपर्यंत चढला असेल, असे कोणी म्हणेल. परंतु पृथ्वीवरचे सारे बर्फ वितळले, तरी समुद्राची पातळी शंभर मीटरही वाढणार नाही. तेव्हा पाणी वर गेले नाही, तर समुद्राचा तळच वर आला, हे उघड आहे.

खडकांचे थर काय सांगतात?

समुद्रतळावर गाळ साचतो तो आडव्या थरांत. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. हा साधा नियम निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये मांडला. आता आपल्या सह्याद्रीकडे पाहा. घाटातून जाताना काळ्या बेसाल्टचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक, बहुतेक आडवेच दिसतात. ते लाव्हारसाचे थर आहेत, आणि त्यांना कोणी चुरगळलेले नाही. हिमालयात मात्र थर वाकलेले, उभे झालेले, क्वचित पूर्ण उलटलेलेही आढळतात. यांना वळ्या म्हणतात. जमिनीवर सतरंजी पसरा व तिचे एक टोक भिंतीला टेकवून दुसरे टोक भिंतीकडे ढकला. जशा घड्या पडतील तशाच या वळ्या. म्हणजे हिमालयाच्या खडकांवर दोन बाजूंनी दाब पडला आहे.

प्रस्तरभंगाची साक्ष

दाब फार झाला की खडक वाकण्याऐवजी तुटतो, आणि तुटलेले भाग एकमेकांवरून सरकतात. याला प्रस्तरभंग म्हणतात. अंगाच्या साबणाची वडी मधोमध तिरकी कापा. दोन्ही टोके तळहातांनी एकमेकांकडे दाबा. एक तुकडा दुसऱ्यावर चढेल. आता टोके दूर ओढा. तोच तुकडा खाली घसरेल. म्हणून कोणता भाग कोठे सरकला हे पाहून तेथे दाब होता की ताण, ते ओळखता येते.

हिमालयाच्या पायथ्याजवळ, डेहराडून-मसुरीच्या परिसरात, एक चमत्कार दिसतो. शिवालिक टेकड्यांचे खडक हिमालयाच्या मानाने अगदी तरुण. परंतु त्यांच्या वर कोट्यवधी वर्षे अधिक वयाचे खडक चढून बसले आहेत! स्टेनोचा नियम येथे खोटा ठरला काय? नाही. जुना खडक उत्तरेकडून सरकत येऊन नव्यावर चढला आहे. असे मोठे प्रस्तरभंग हिमालयाच्या लांबीला धरून शेकडो किलोमीटर पसरले आहेत.

ढकलणारा कोण?

याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या खडकांतही दडलेले आहे. लाव्हा थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तापाशी जवळजवळ आडवी राहते, ध्रुवाकडे जावे तशी अधिकाधिक कलते. या कलण्याच्या कोनाला नतिकोन म्हणतात. तेव्हा खडकातील नतिकोन मोजला, की तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला हे गणिताने काढता येते. १९५० नंतरच्या दशकात लंडनमधील आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दख्खनच्या बेसाल्टवर अशी मापने केली. निष्कर्ष असा, की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ३० अंशांवर होती! आज ती १८-२० अंश उत्तरेस आहे. एका अंशाला १११ किलोमीटर धरले, तर हा प्रवास पाच हजार किलोमीटरांहून अधिक भरतो.

खंडे सरकतात असे जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्येच सांगितले होते; पण खंडांना सरकवणारे बळ कोणते, ते त्यांना पटवून देता आले नाही. १९६० नंतर सागरतळाच्या अभ्यासातून उलगडा होत गेला. पृथ्वीचे बाह्य कवच अनेक भूपट्टांचे बनलेले आहे, आणि खालच्या तप्त, मंदगतीने वाहणाऱ्या खडकांवर हे भूपट्ट सरकतात. सागराखालच्या पर्वतरांगांपाशी नवा तळ तयार होतो, तर अन्यत्र जुना तळ पृथ्वीच्या पोटात बुडतो.

भारत व आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली बुडत गेला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंडांची टक्कर झाली. लडाखमध्ये सिंधू नदीच्या खोऱ्यालगत आजही उशांसारख्या गोल आकाराचा लाव्हा सापडतो. असा आकार लाव्हा पाण्याखाली थिजला तरच येतो. हरवलेल्या समुद्राची ती खूण आहे.

टक्कर अजून चालूच आहे

उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मापनांनुसार भारतीय भूपट्ट आशियाकडे वर्षाला ४ ते ५ सेंटीमीटर सरकतो. त्यापैकी सुमारे २ सेंटीमीटर हालचाल हिमालयात सामावली जाते. पण प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू घर्षणामुळे अडकून बसतात. गती थांबत नाही, म्हणून खडक वाकवलेल्या पोलादी पट्टीप्रमाणे ऊर्जा साठवतो. शंभर वर्षांत २ मीटर सरकणे शिल्लक राहते. घर्षण कमी पडले, की हे सरकणे काही सेकंदांत घडते, तोच भूकंप. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये असेच घडले. काठमांडूचे खोरे सुमारे एक मीटर वर उचलले गेले व दक्षिणेकडे सरकले. सुमारे नऊ हजार माणसे प्राणाला मुकली.

पुढचा भूकंप कोणत्या दिवशी होईल हे सांगता येत नाही. परंतु कोणत्या पट्ट्यात ऊर्जा साठत आहे, हे खडक सांगतात. बहुतेक माणसे जमीन हलल्याने नव्हे, तर कच्ची घरे अंगावर कोसळल्याने मरतात. म्हणून खडकांची साक्ष ऐकायची ती केवळ कुतूहलापोटी नव्हे, तर त्या पट्ट्यात घर, शाळा, धरण कसे बांधावे हे ठरवण्यासाठीही.

आता एक गणित तुम्ही करा. वर्षाला ५ सेंटीमीटर याप्रमाणे ५ कोटी वर्षांत भूपट्ट किती किलोमीटर सरकेल? उत्तर आले की नकाशावर मुंबईपासून उत्तरेकडे तेवढे अंतर मोजा. या सरकण्याचा काही भाग भूमी चुरगळण्यात, एकमेकींवर चढण्यात व खाली दबण्यात गेला, तेव्हा कुठे हिमालय उभा राहिला!