मोटारीचे नाक सुस्त झाले तर?

ताप आलेल्या माणसाच्या काखेत पाऱ्याचा तापमापक ठेवला आणि दहाच सेकंदांत काढून पाहिला, तर ताप कमी दिसतो. तापमापक खोटे सांगत नसतो. त्याला पुरेसा वेळ मिळालेला नसतो. रोग्याचा ताप काही दहा सेकंदांत उतरत नाही, म्हणून आपण काही मिनिटे थांबतो आणि काम भागते. पण मोजायची राशीच एका सेकंदात एक-दोनदा खाली-वर होत असेल तर? मोटारीच्या इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळीत अशीच एक राशी मोजणारे उपकरण बसवलेले असते. त्याचे नाव प्राणवायू-संवेदक. गॅरेजातले मिस्त्री त्याला 'ऑक्सिजन सेन्सर' म्हणतात.

समजा, डहाणू रोड स्थानकाबाहेर प्रवासी भरून चारोटीमार्गे तलासरीला जाणारी एक पेट्रोल व्हॅन आहे. ती चालू होते, धावतेही. पण अलीकडे पेट्रोल जास्त खाते आणि चालकासमोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आहे. महामार्गालगतच्या गॅरेजात तिला स्कॅनर जोडला, तेव्हा पी-०१३३ हा संकेतांक आला. त्याचा अर्थ असा की, इंजिनाजवळचा प्राणवायू-संवेदक सावकाश प्रतिसाद देतो आहे. नवा संवेदक घ्यायचा तर काही हजार रुपये जाणार, शिवाय गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडणार. आणि तो बदलूनही दिवा पुन्हा लागला तर? संगणकाला सुस्ती दिसली एवढेच संकेतांक सांगतो. ती कशामुळे आली, हे त्याला ठाऊक नसते. ते आपल्याला शोधायचे आहे.

आधी संवेदक काम कसे करतो ते पाहू. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. पेट्रोल याहून जास्त झाले की मिस्त्री मिश्रणाला 'रिच' म्हणतात, हवा जास्त झाली की 'लीन'. संवेदकात झिर्कोनियम ऑक्साइडची, म्हणजे झिर्कोनियाची, बोटाच्या आकाराची टोपी असते. तिच्या बाहेरून धूर जातो आणि आत साधी हवा असते. झिर्कोनियात थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळले, की स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली म्हणजे ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून सरकू लागतात. दोन्ही बाजूंचा प्राणवायू असमान असेल तर तिच्यावरच्या प्लॅटिनमच्या दोन थरांत विद्युतदाब निर्माण होतो. थोडक्यात, हा एक विद्युतघटच आहे.

हा दाब किती, ते जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांच्या समीकरणावरून निघते. ६०० अंश सेल्सिअसला प्राणवायूच्या प्रमाणात दर दहापट फरकामागे सुमारे ४३ मिलिव्होल्ट मिळतात. लीन मिश्रणाच्या धुरात १ टक्का प्राणवायू उरला असेल तर हवेशी त्याचे प्रमाण एकास एकवीस. दाब जेमतेम ०.०६ व्होल्ट. रिच मिश्रणात उरलासुरला प्राणवायू तापलेल्या प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्याशी संयोग पावतो. तेथे तो हवेच्या मानाने इतका कमी होतो, की ती पट लिहायला एकावर एकोणीस शून्ये द्यावी लागतात! एकोणीस गुणिले ४३, म्हणजे सुमारे ०.८ व्होल्ट. मधल्या उंबरठ्यावर, ०.४५ व्होल्टच्या आसपास, दाब कड्यावरून पडल्यासारखा बदलतो. म्हणून संगणकाला 'रिच' की 'लीन' एवढेच कळते. किती, ते नीट कळत नाही.

संगणक मग काय करतो? 'रिच' कळले की पेट्रोल हळूहळू कमी करतो, 'लीन' कळले की हळूहळू वाढवतो. त्यामुळे मिश्रण योग्य प्रमाणाभोवती सतत झोके घेत राहते. आता खरी गंमत पाहा. मिश्रणाने उंबरठा ओलांडल्यापासून ती बातमी संगणकाला मिळेपर्यंत 'उ' इतका उशीर होतो असे धरू. तेवढा वेळ संगणक पेट्रोल चुकीच्या दिशेने बदलत राहतो. चूक कळल्यावर उंबरठ्यापर्यंत परत यायला तेवढाच वेळ लागतो. मग दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच. म्हणजे एका पूर्ण झोक्याला '४ उ' इतका वेळ लागतो. उशीर ०.१५ सेकंद असेल तर झोका ०.६ सेकंदाचा. संवेदक सुस्त होऊन उशीर ०.५ सेकंद झाला तर झोका २ सेकंदांचा, आणि मिश्रण योग्य प्रमाणापासून तिपटीहून अधिक दूर जाते. प्रत्यक्ष गाडीतला संगणक याहून थोडा हुशार असतो, पण हिशेबाचा गाभा हाच.

या झोक्यांची सरासरी मात्र बदलत नाही! म्हणूनच साधा मल्टिमीटर लावून "०.४५ व्होल्ट दाखवतो, म्हणजे संवेदक ठीक" असे म्हणणे मला पटत नाही. तो मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो; मोजणाराच सुस्त असेल तर दुसऱ्याची सुस्ती त्याला कशी कळणार? येथे ऑसिलोस्कोपच हवा.

झोके लांबल्याचा मार बसतो तो पुढच्या उत्प्रेरक डब्याला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. त्यातले सेरियम ऑक्साइड लीन क्षणी प्राणवायू साठवते आणि रिच क्षणी तो परत देते, म्हणून छोटे झोके पचतात. मोठ्या झोक्यात साठा संपतो आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे केंद्र सरकारने १९९१ साली जाहीर केले. तेथील चिकूच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर हा धूर नको.

आता परीक्षा. झोका लांबलेला दिसला म्हणून लगेच संवेदकाला दोषी ठरवू नये. इंजिन पूर्ण तापल्यावर मिस्त्री ॲक्सिलरेटर एकदम दाबतो आणि सोडतो. दाबताच मिश्रण रिच होते, सोडताच लीन. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ०.३ पासून ०.६ व्होल्टपर्यंतची चढण पाहायची. निरोगी संवेदक ती साधारण ०.१ सेकंदाच्या आत पार करतो. रेघ भिंतीसारखी उभी दिसते. चढण आणि उतरण घाटासारख्या तिरप्या असतील तर संवेदक सुस्त. रेघा उभ्याच, पण झोके मात्र लांब, असे असेल तर दोष इंधन किंवा हवा यांच्या वाटेवर शोधावा. धुराच्या नळीला संवेदकाच्या आधी चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला संवेदकही उगाच 'लीन' ओरडतो. तीही आधीच पाहून घ्यावी. (काही नव्या गाड्यांत 'वाइड बँड' जातीचा संवेदक असतो, त्याला ही परीक्षा अशी लागू पडत नाही.)

संवेदक सुस्त ठरला तरी आणखी एक स्वस्त शक्यता उरते. टोपी लवकर तापावी म्हणून आत विजेचा तापक असतो. त्याचा फ्यूज उडाला किंवा तार तुटली, तर टोपी पुरेशी तापत नाही आणि आयन रेंगाळतात. फ्यूजला काही रुपये पडतात. तापक ठीक असेल, तर टोपीवरच्या सच्छिद्र आवरणात काजळी, जळलेल्या तेलातला फॉस्फरस किंवा सांधे बंद करण्याच्या सिलिकोन लेपातून आलेली सिलिका अडकली असावी. धुराला छिद्रांतून झिरपायला वेळ लागतो, आणि तोच उशीर. इंजिन तेल पीत असेल तर ते आधी दुरुस्त करावे. नाहीतर नवा संवेदकही त्याच वाटेने जाईल.

सुस्ती सापेक्ष असते, हेही लक्षात घ्या. डहाणूला ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशावर चालणाऱ्या अशा केंद्रांतही बॉयलरच्या धुरातला प्राणवायू झिर्कोनियाच्याच संवेदकाने मोजण्याची पद्धत आहे. तेथे काही सेकंदांचा उशीर चालून जातो, कारण एवढ्या मोठ्या बॉयलरमधले ज्वलन सावकाश बदलते. मोटारीत तोच उशीर दोष ठरतो.

चालू इंजिनाजवळ हा प्रयोग तुम्ही करू नका. धुराची नळी भाजते आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. बादलीवर मात्र जरूर करा. जुन्या बादलीला तळाशी छिद्र पाडा आणि निम्म्या उंचीवर खूण करा. नळ उघडा असता पाणी चढावे आणि बंद असता उतरावे, एवढेच छिद्र असू द्या. गळणारे पाणी खालच्या घमेल्यात धरा. एक मित्र बादलीकडे पाठ करून नळ सांभाळेल. दुसरा पाण्याने खूण ओलांडताच मनात दोन अंक मोजून मगच "बंद" किंवा "चालू" म्हणेल. झोक्याचा काळ आणि पाण्याची सर्वांत जास्त व सर्वांत कमी उंची लिहून घ्या. मग चार, सहा आणि आठ अंक मोजून पुन्हा करा. उशीर दुप्पट केल्यावर झोक्याचा काळ दुप्पट होतो का? आलेख सरळ रेषेत येतो का? आणि नळाचे पाणी गळतीच्या तिप्पट वेगाने येत असेल, तर '४ उ' ऐवजी काय यावे, ते कागदावर काढा.