दोह्याच्या उजेडात दुर्बीण : आधी काय घ्यावं?

मंडळाच्या कार्यक्रमात आमच्याकडे दुर्बीण आहे असं कळलं, की हमखास एक प्रश्न येतो : "इतक्या दिव्यांत काही दिसतं का हो? आणि फिल्टर कुठला घेऊ?" दर वेळी चहाच्या रांगेत उभं राहून अर्धवट उत्तर देतो. या वेळी स्मरणिकेच्या निमित्ताने नीट लिहायचं ठरवलं.

आमची दुर्बीण आम्हाला कायमचं भारतात परतणाऱ्या एका कुटुंबाकडून मिळाली. सामान विकताना त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की इथून चंद्राशिवाय काही दिसत नाही. १३० मिमीचा आरसा, ६५० मिमी नाभीय अंतर, सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस. लेकीला आकाश दाखवायचं म्हणून घेतली आणि महिन्याभरात आम्हालाही त्यांचंच म्हणणं पटू लागलं. मग एका दुकानात गेलो आणि तिप्पट करणारा बार्लो आणि शहरातल्या दिव्यांसाठीचा म्हणून एक फिल्टर घेऊन आलो. बार्लोने १० मिमीच्या आयपीसला १९५ पट वर्धन मिळालं खरं, पण तापलेल्या इमारतींवरच्या हवेत गुरू उकळत्या पाण्यातल्या मण्यासारखा थरथरत होता. फिल्टरने आकाश किंचित निळसर झालं, एवढंच. लेक दोन रात्री आली, तिसऱ्या रात्री आली नाही. तेव्हा मात्र आम्ही पैसे खर्च करणं थांबवून जरा अभ्यास केला.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याला त्रास देणारा उजेड दोन प्रकारचा असतो. एक शेजारच्या गच्चीवरचा किंवा पार्किंगमधला दिवा, जो सरळ डोळ्यात आणि नळीत शिरतो. दुसरा म्हणजे सगळ्या शहराचा उजेड, जो धूळ आणि बाष्पावरून विखरून आकाशालाच उजळून टाकतो. आपल्याकडे धूळही आहे आणि बाष्पही. दुसऱ्यावर गच्चीत बसून फारसा इलाज नाही, पण पहिल्यावर जवळजवळ फुकट आहे. जुन्या योगा मॅटचा एक पट्टा नळीच्या तोंडाभोवती पुढे वीतभर येईल असा गुंडाळला, आतून काळा कागद लावला आणि बघताना डोक्यावर काळी ओढणी घेतली. जुन्या फोटोग्राफरसारखं ध्यान दिसतं, शेजारी हसतात. पण डोळ्याची बाहुली मोठी व्हायला वेळ मिळाला आणि त्याच रात्री पूर्वी न दिसलेले तारे दिसले. आमच्या मते हीच पहिली अॅक्सेसरी.

आता फिल्टर. साधे शहरी फिल्टर बनले ते पारा आणि सोडियमच्या दिव्यांसाठी. ते दिवे ठरावीक रंगांत जास्त उजेड देतात. उदाहरणार्थ, कमी दाबाचा सोडियम दिवा जवळजवळ सगळा ५८९ नॅनोमीटरवर. तेवढा रंग अडवला की काम भागायचं. पांढऱ्या एलईडीचं तसं नाही. ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा उंचवटा आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत सलग पसारा. अडवायचं काय आणि सोडायचं काय? शिवाय दीर्घिका आणि तारकागुच्छ म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, त्यात सगळे रंग. त्यामुळे देवयानी दीर्घिकेसाठी शहरात कुठलाही फिल्टर घेतला तरी निराशाच पदरी पडते.

अपवाद वायूच्या तेजोमेघांचा. त्यांचा डोळ्याला जाणवणारा प्रकाश मुख्यतः हायड्रोजनच्या ४८६ आणि ऑक्सिजनच्या ४९६ व ५०१ नॅनोमीटरच्या रेषांमध्ये असतो. यूएचसी नावाचा फिल्टर एवढाच अरुंद पट्टा आत सोडतो. एलईडीचा उजेड त्यातूनही थोडा येतो, पण बराचसा बाहेर राहतो. मृग नक्षत्रातला तेजोमेघ आमच्या गच्चीतून या फिल्टरने नक्कीच जास्त पसरलेला दिसतो. फिल्टर घ्यायचाच तर हा एक घ्या आणि तो २५ मिमीच्या आयपीसला लावा, कारण तो एकूण प्रकाशही कमी करतो.

आयपीसचं गणित मात्र प्रत्येकाने एकदा कागदावर करावं. नाभीय अंतर भागिले आयपीसचं अंतर म्हणजे वर्धन. आमच्याकडे २५ मिमीने २६ पट, १० मिमीने ६५ पट. आता आरशाचा व्यास भागिले वर्धन करा : डोळ्यात येणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी पहिल्यात ५ मिमी, दुसऱ्यात २ मिमी. आकाशाचा उजेड पसरलेला असल्यामुळे तो या जाडीच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे सव्वासहा पट काळोख! तारा मात्र ठिपकाच असल्यामुळे त्याचं तेज तसं घटत नाही. म्हणून शहरातून तारकागुच्छ बघताना ६५ पटीला राखाडी पडद्यामागून तारे एकदम वर येतात. कृत्तिका मोठ्या असल्याने त्यांना २६ पटच बरं. जोडताऱ्यांना तर शहराचा काही फरकच पडत नाही. सप्तर्षींमधल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती लग्नात दाखवतात, पण दुर्बिणीतून वसिष्ठ स्वतःच दोन तारे आहेत हे बघून आमच्या आईंनाही गंमत वाटली.

लाल ठिपक्याच्या शोधकाबद्दल एक इशारा. ठिपका ठेवायला आजूबाजूला तारे दिसायला हवेत, आणि दोह्यात नेमके तेच नसतात. ६ x ३० किंवा ८ x ५० ची छोटी शोधक दुर्बीण डोळ्याला न दिसणारे तारे दाखवते. आमचा इथला खर्च सर्वात सत्कारणी लागला.

आणि हे पुस्तकांत न सापडणारं. थंड देशातले लोक लिहितात, दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवून थंड होऊ द्या. आपल्याकडे उलटं! ऑगस्टमध्ये एसीतली बावीस अंशांची नळी बाहेरच्या दमट हवेत नेली आणि डोळ्यासमोर आयपीस पांढरा झाला. आम्ही तो रुमालाने पुसला. त्यावर वाळूची पूड होती, तिचे ओरखडे आजही आहेत. आता आयपीस आणि नळी बंद पिशवीतच तासभर बाहेर ठेवतो, मग उघडतो. धुळीला फक्त रबरी फुगा.

सूर्याला प्रकाशप्रदूषणाची पर्वा नाही, पण फिल्टर प्रमाणित आणि नळीच्या पुढच्या तोंडावरच बसणारा हवा. आयपीसला लावायचे सूर्यफिल्टर फेकून द्या, उष्णतेने तडकतात. २६ डिसेंबर २०१९ ला अल वकरामध्ये ग्रहण लागलेला सूर्य दोन शिंगांसारखा समुद्रातून वर आला होता. एलियास चासिओटिस या ग्रीक हौशी निरीक्षकाचा तो फोटो जगभर गेला.

हे सगळं झालं तरी दूर जायचा मोह सुटत नाही. कतारने २०१० मध्ये जाहीर केलेला कतार-१बी हा परग्रहसुद्धा न्यू मेक्सिकोतल्या कॅमेऱ्यांनी सापडला होता! आपण निदान झिक्रीतपर्यंत जाऊ शकतो. थंडीत, दोन गाड्या मिळून, आणि वाळूत साधी गाडी न घालता. निघण्यापूर्वी आमची एक खूण आहे. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेला अगस्त्य बघायचा. इथले लोक त्याला सुहैल म्हणतात, आणि ऑगस्टअखेरीस पहाटे तो दिसला की उन्हाळा उतरला असं मानतात. पुण्याहून तो सुमारे १९ अंश चढतो, इथून जेमतेम १२. एवढ्या खाली तो स्वच्छ दिसला तर हवेत धूळ कमी आहे असं समजायचं आणि सामान गाडीत टाकायचं.

गेल्या वेळी झिक्रीतला यूएचसी न लावताच मृगाचा तेजोमेघ लावला. लेक बराच वेळ आयपीसवरून हलली नाही. मग म्हणाली, "बाबा, याला पंख आहेत. गच्चीवरून फक्त अंग दिसतं." फिल्टर लावायचा राहूनच गेला, कारण तिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.