तेर आणि कोंडाणे : वारशाचे दोन धडे

धाराशिव जिल्ह्यातील, तेरणा नदीकाठचे तेर हे गाव संत गोरा कुंभार यांच्यामुळे सर्वपरिचित आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून त्याची नोंद आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे.

या वैभवाचा पुरावा पाहण्यासाठी गावातील लामतुरे वस्तुसंग्रहालयात जावे. तेरच्या पांढरीच्या टेकाडांत मिळणारे मणी, नाणी व मृण्मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने निष्ठेने जमविल्या. त्यांच्या संग्रहातूनच आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी साम्य दाखविते. एका गावकऱ्याने मातीतील वस्तूंचे मोल ओळखले, म्हणून हा ठेवा एकत्र राहिला.

संग्रहालयानंतर त्रिविक्रम मंदिर पाहावे. मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेली ही विटांची प्राचीन वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आपल्या दहिवली-कर्जत परिसरातील विद्यार्थ्यांना ही रचना अनोळखी वाटणार नाही. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यातील कोंडाणे लेण्याचे चैत्यगृहही असेच मागे अर्धवर्तुळाकार आहे. सह्याद्रीत कातळ होता, तेथे तो कोरला. तेरला विटा होत्या, तेथे त्या रचल्या. साधन बदलले, तरी उपासनागृहाची कल्पना एकच राहिली.

कोंडाण्यास एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असे तो सांगतो. स्वतःच्या नावाआधी गुरूचे नाव घेणारा हा लेख प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावा. ज्याने कातळ घडविला त्याचे नाव तेथे शोभते. सहलीला आलेल्याने खिळ्याने खरडलेले नाव मात्र त्याच कातळाची हानी करते.

तेरला लामतुरे यांनी जे केले, ते करण्यास मोठे पद लागत नाही. शेतात, विहिरीच्या खोदकामात जुने नाणे वा कोरीव दगड आढळल्यास तो विकू नये, फोडू नये. शिक्षकांना दाखवावा, पुरातत्त्व खात्यास कळवावे. वारसा गावात असतो, म्हणून त्याचा पहिला रक्षकही गावकरीच असला पाहिजे.