नेमबाजीचे पिस्तूल : कायद्यात बसणारे आणि नियमात बसणारे

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दोन आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने एक कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून पालकसभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : मुलाला नेमबाजी शिकवायची आहे, पिस्तूल कोणते घ्यावे? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. देशाच्या कायद्याप्रमाणे हे शस्त्र विनापरवाना बाळगता येते काय, हा पहिला. आणि ज्या प्रकारात मूल उतरणार त्या प्रकाराच्या नियमांत ते बसते काय, हा दुसरा. दुकानदार बहुधा पहिल्याचेच उत्तर देतो आणि पालक ते दुसऱ्याचेही उत्तर समजून घरी येतात.

कायद्याची गोष्ट इतिहासाचा शिक्षक या नात्याने थोडी मागून सांगतो. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा झाला. त्याने भारतीयांना परवान्याच्या बेडीत टाकले आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. ही सल मनात असल्यामुळेच १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी तीच मागणी दुरुस्तीच्या रूपाने मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. परकीय सत्तेने निःशस्त्र केलेल्या लोकांची ती मागणी स्वतंत्र देशाला तशीच लागू होत नाही, आणि आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा देशरक्षणासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आपल्याकडे शस्त्र हा हक्क नसून नियमाधीन परवानगी आहे, तिचे मूळ या चर्चेत सापडते. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि त्याखाली आज २०१६ चे नियम लागू आहेत.

या नियमांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या शस्त्रांसाठी दोन मापे ठरविली आहेत. नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा आणि छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसावी. दोन्ही मापांत बसणाऱ्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. नववीच्या विज्ञानातील गतिज ऊर्जेचे सूत्र वापरले, तर उत्तर ६ ज्यूलच्या जवळ येते, म्हणजे मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही नाही. मात्र बाजारात ५.५ मिलिमीटर व्यासाच्या एअर गनही असतात. त्या दिसायला सारख्याच, पण या सवलतीच्या बाहेर. बिलावर व्यास लिहून घ्यावा आणि बिल शस्त्राच्या पेटीतच ठेवावे.

आता दुसरा प्रश्न. दहा मीटर एअर पिस्तूल हा प्रकार १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून पुरुष व महिला दोघांसाठी आहे आणि आपल्या मुलांसाठी प्रवेशाचा मार्ग तोच. त्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटनेची मापे अशी : पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, सर्व जोडण्यांसह ते ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, व्यास ४.५ मिलिमीटर, एका वेळी एकच छर्रा भरायचा, नेम धरायला पुढची माशी आणि मागची खाच एवढेच, दुर्बीण, लाल ठिपका किंवा लेझर चालत नाही. मूठ हाताच्या आकाराची करून घेता येते, पण तिने मनगटाला आधार देता कामा नये. पंचांना मनगट मोकळे दिसले पाहिजे.

चापाचा नियम पालकांनी विशेष समजून घ्यावा, कारण मूल बाद होते ते बहुधा इथे. चाप किमान ५०० ग्रॅम वजनाचा हवा. नळी आकाशाकडे उभी धरून, पिस्तूल सज्ज करून, चापाला ५०० ग्रॅमचे वजन लावतात आणि उचलतात. चाप न सुटता वजन उचलले गेले पाहिजे. प्रयत्न तीनच. ही तपासणी स्पर्धा संपल्यावर चिठ्ठी टाकून निवडलेल्या खेळाडूंचीही होते, आणि तेव्हा चाप हलका निघाला तर साठ गोळ्यांचे सगळे गुण जातात. म्हणून जाणते प्रशिक्षक चाप ५०० वर न ठेवता थोडा वर ठेवतात. स्प्रिंग थंडी-उन्हाने बदलते, त्याला पंच जबाबदार नसतात.

पवन मावळातील एका पालकांची हकिगत नाव न सांगता लिहितो. त्यांनी भाताच्या पैशांतून मुलासाठी पिस्तूल आणले. दिसायला हुबेहूब लष्करी, धातूचे, कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीवर चालणारे, एका भरणीत पंधरा-वीस पोलादी गोळ्या उडविणारे. व्यास ४.५ मिलिमीटर, परवाना नको, दुकानदार खोटे बोलला नव्हता. पण स्पर्धेच्या दृष्टीने त्यात एकही गोष्ट बरोबर नव्हती. एकामागून एक सुटणाऱ्या गोळ्या नियमाबाहेर. पोलादी गोळी टणक पाटीवर आपटून परत उसळते, म्हणून रेंजवर ती आणूच देत नाहीत. तिथे शिशासारख्या मऊ धातूचा चपट्या डोक्याचा छर्रा लागतो. माशी आणि खाच घट्ट बसविलेली, हलवून जुळविता न येणारी. चाप इतका जड की तेरा वर्षांच्या मुलाचे बोट थरथरत होते. दुकानदाराने ते परत घेतले नाही. मुलगा आता क्लबच्या पिस्तुलावर सराव करतो आणि चांगला करतो. वडिलांनी मात्र पुढच्या हंगामापर्यंत त्या विषयावर घरात बोलणे टाळले.

मोठ्या मुलांसाठी इतर प्रकारांचे थोडे. पंचवीस मीटरचे पिस्तूल पॉइंट टू टूचे, म्हणजे खऱ्या काडतुसाचे अग्निशस्त्र. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्ण मिळविले ते याच प्रकारात. इथे चाप १००० ग्रॅमचा, वजन १४०० ग्रॅमपर्यंत आणि नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको. परवाना अर्थातच हवा आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीला तो सामान्यतः मिळत नाही. नेमबाजीच्या सरावासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, ती क्लब व जिल्हा संघटनेमार्फतच समजून घ्यावी. पन्नास मीटरला चापाच्या वजनाचे बंधनच नाही, पण २०१६ नंतर तो प्रकार ऑलिंपिकमध्ये राहिला नाही. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत ‘एनआर’ नावाचे, राष्ट्रीय नियमांचे वेगळे गटही असतात. अर्ज भरताना गट कोणता ते वाचून त्या वर्षीचे नियमपुस्तक पाहावे. परदेशांतील धावत नेम धरण्याच्या स्पर्धांत दुर्बीण लावलेल्यांचा गट निराळा आणि साध्या पिस्तूलवाल्यांचा निराळा असतो. मुलांनी चित्रफितींत पाहिलेले पिस्तूल बहुतेक त्या स्पर्धांचे असते, इथे त्याचा उपयोग नाही.

ही मापे कशासाठी, असे वर्गात एका मुलीने विचारले होते. वजनाला आणि चापाला मर्यादा नसती, तर जास्त पैसे ओतणाऱ्याने जड, स्थिर, फुंकरीने सुटणारे यंत्र आणले असते आणि मग स्पर्धा यंत्रांची झाली असती. नियमाने गुणांची विक्री रोखली आहे. किमतीला मात्र नियमाने हात लावलेला नाही. परदेशी बनावटीच्या स्पर्धेच्या पिस्तुलाला लाखाहून अधिक रुपये लागतात, आणि ही विषमता नियमपुस्तकात दिसत नाही म्हणून नसते असे नाही. त्यामुळेच माझा आग्रह आहे की पहिले वर्षभर पिस्तूल विकत घेऊच नये. स्वप्निल कुसाळे घडला तो क्रीडा प्रबोधिनीच्या निवासी व्यवस्थेतून. आपल्या मुलांना लोणावळा-पुणे लोकलच्या अंतरावर बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे, तिथे आणि क्लबांत सरावाची सोय होते. आधी खर्च करायचा तो छर्रे, कानाचे संरक्षण आणि बुटांवर. बूट घोट्याखालचे असावेत, घोटा झाकणारे चालत नाहीत. चष्मा लागणाऱ्या मुलाने चष्मा लावावा, त्याला मनाई नाही. भिंग पिस्तुलावर बसविण्यास मनाई आहे. न वापरणाऱ्या डोळ्यासमोरची पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

पुढे वापरलेले पिस्तूल घेण्याची वेळ आली, तर प्रथम हवेच्या सिलिंडरवरील तारीख पाहा. त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची असते आणि ती पाहण्याची जबाबदारी खेळाडूची असते. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाचे सिलिंडर बहुधा याच कारणाने स्वस्त असते. मूठ डाव्या हाताची की उजव्या, हे विचारायला विसरू नये. डावखुऱ्या मुलाला उजवी मूठ कानशीने घासून बसविता येत नाही. विजेवर चालणारा चाप नियमात बसतो, पण टोकियोत २०२१ मध्ये मनू भाकरचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, हे लक्षात ठेवून दुरुस्ती जवळ कुठे होते ते आधी विचारावे.

आणि आपला पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर अक्रोडाची मूठ फुगते, नळीला गंज धरतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, दर आठवड्याला नळी कोरड्या फडक्याने पुसावी, आणि वसतिगृहाच्या कपाटाची किल्ली मुलाकडे न देता अधीक्षकांकडे असावी. पिस्तूल पेटीबाहेर असेल तेव्हा नळीत केशरी सुरक्षा दोरी घातलेली असलीच पाहिजे, मग ते रिकामे आहे असे कोणी कितीही सांगो.